आकड्यांच्या जागी काळ्या खुणा

१९८८च्या डिसेंबरात एका रविवारी मी हैदराबादला व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा दिली. त्याच दिवशी सकाळी परभणीच्या एका चार पानी दैनिकात घरखर्च आणि बचत या विषयावरचं माझं साप्ताहिक सदर प्रसिद्ध झालं. त्यात एकही आकडा नव्हता. आकड्यांच्या जागी काळ्या खुणा होत्या.

सदर सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. मी बी.कॉम. होते आणि त्या दैनिकात मुद्रितं तपासण्याचं काम करत होते. जाहिरात न आल्यानं एका रविवारी चौथ्या पानावर जागा रिकामी राहिली. संपादक म्हणाले, "तुम्ही कॉमर्सवाल्या. पोस्टात पैसे कसे ठेवायचे, चार ओळी लिहा." लिहिल्या. पुढच्या आठवड्यात तिघांची पत्रं आली. एकानं विचारलं होतं, पोस्टातलं खातं बायकोच्या नावावर काढता येतं का, आणि काढल्यास नवऱ्याची सही लागते का. त्याचं उत्तर द्यायला पुन्हा जागा लागली. तेव्हापासून दर रविवारी चौथ्या पानावर डाव्या कोपऱ्यात सदर येऊ लागलं. त्यावर नाव नसे. वाचक पत्राची सुरुवात "संपादक महोदय" अशी करत आणि आत एकदम घरातलं लिहीत.

छापखाना खिळ्यांचा होता. एकेक अक्षर हातानं जुळवायचं, पान बांधायचं, मशीनवर चढवायचं. खिळे मोजके होते आणि अंकांचे तर फारच कमी. रविवारच्या चौथ्या पानावर मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, आठवड्याचे भाव असत: मूग, तूर, ज्वारी, करडई. भाव जुळवून झाले की अंकांचे खाने जवळजवळ रिकामे होत. म्हणून सदरासाठी फोरमनचा एक नियम होता. आकडा अंकात लिहायचा नाही, अक्षरात लिहायचा. सुरुवातीला हे जाचक वाटलं. नंतर लक्षात आलं की अक्षरात लिहायचं तर वाचक बोलतात तसंच लिहावं लागतं: पाव हिस्सा, निम्मं, पाऊणशे, अडीच वर्षं.

लिहिलेलं सदर मी आधी वहिनींना वाचून दाखवत असे. थोरल्या भावाची बायको. आम्ही चौघं स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो: दादा, वहिनी, त्यांची पाच वर्षांची मुलगी आणि मी. दादा कॅनॉलच्या ऑफिसात कारकून होते. वहिनी सातवी पास होत्या. संध्याकाळी त्या भाकरी थापत आणि मी उंबऱ्यात बसून वाचत असे. जिथं त्यांचा हात थांबे तिथं मी खूण करी.

"वन्सं, ह्ये चक्रवाढ कामून घातलं?"

"व्याजावर व्याज."

"मंग व्याजावर व्याज म्हणा. चक्रवाढ म्हणल्यावर मला वाटलं वावटळ आली."

हात न थांबता सदर संपलं की ते छापायला तयार आहे, असं आमचं ठरलं होतं. हे कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं.

वहिनींचं माहेर सोनपेठकडच्या एका खेड्यात. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी, १९७८च्या पावसाळ्यात, त्या गावात आमच्या लोकांच्या वस्तीला आग लावली गेली. त्यात वहिनींच्या आईवडिलांचं घर जळालं. तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं. त्यांच्या आईनं मजुरीतून साठवलेल्या नोटा ज्वारीच्या कणगीत पुरलेल्या होत्या. कणगीसकट त्या गेल्या. वडिलांचं पोस्टाचं पुस्तकही जळालं. पण पोस्टातल्या वहीत नोंद होती आणि अर्ज केल्यावर काही महिन्यांनी दुसरं पुस्तक मिळालं. त्या पुस्तकातल्या पैशातून वहिनींचं लग्न झालं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, सदर सुरू झालं त्या महिन्यात, तव्यावरची भाकरी उलटताना. पुन्हा तो विषय निघाला नाही.

परीक्षेची जाहिरात मी जुलैत कचेरीत आलेल्या इंग्रजी पेपरात पाहिली. एका परीक्षेवर देशातल्या अनेक संस्थांचे प्रवेश होत. गणित जमण्यासारखं होतं. इंग्रजी उतारे जमण्यासारखे नव्हते. मी पदवीपर्यंत मराठीत शिकले होते. पोस्टानं धडे पाठवणारा एक वर्ग मद्रासला होता. त्याची फी सदराच्या मानधनातून भागत होती, हप्त्यानं. म्हणजे सदर बंद पडलं की धडे बंद पडणार होते, आणि धड्यांवाचून त्या उताऱ्यांशी माझी गाठ पडण्यात काही अर्थ नव्हता.

दादांना मी विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "कुठं हाय परीक्षा?"

"हैदराबादला."

"लागलं तर?"

"लागेल तिथं जायचं. पुण्याला, कलकत्त्याला."

पेपर खाली आला. "कलकत्त्याला?"

आतून वहिनी म्हणाल्या, "आधी लागू तर द्या. आत्ताच कलकत्त्याची गाडी हुकल्यावाणी करायलाव."

दादा हसले. रजा टाकून बरोबर येतो म्हणाले.

संपादकांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. ते चांगले गृहस्थ होते, पण कामाच्या बाबतीत कोरडे. "दोन्ही होत असेल तर करा. सदर एकदा जरी चुकलं तर ती जागा मी शब्दकोड्याला देईन. वाचकाला आपली अडचण माहीत नसते."

ऑगस्टपासून दिवसाचे भाग पडले. सकाळी उतारे, दुपारी कचेरी, संध्याकाळी सदराची पत्रं. उताऱ्यांसाठी घड्याळ लावावं लागे. घरातलं एकुलतं घड्याळ दादांच्या मनगटावर ऑफिसला जाई, म्हणून सकाळी ते उठायच्या आत मी वाचून घेत असे. पुढं वहिनींनी त्यांना सांगितलं की ऑफिसच्या भिंतीवर घड्याळ आहे. त्या दिवसापासून दादा मोकळ्या मनगटानं जाऊ लागले. ऑफिसातल्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी घड्याळ दुरुस्तीला टाकलंय म्हणून सांगितलं. दुरुस्ती डिसेंबरपर्यंत चालली.

वहिनी इंग्रजी उताऱ्याच्या वेळीही हजर असत. मी एक परिच्छेद वाचे आणि त्यात काय म्हटलंय ते मराठीत सांगे. एकदा देवमाशांच्या स्थलांतरावरचा उतारा होता. ऐकून त्या म्हणाल्या, "इतकं लांब पोहत जायचं, पिल्लं द्यायची न् परत यायचं. आन् तुमी कलकत्त्याला घाबरायलाव."

मी घाबरत होते हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरात कापसाच्या चुकाऱ्याबद्दल पत्रं येऊ लागली. सरकारी खरेदी केंद्रावर कापूस घातला की त्याचे पैसे काही दिवसांनी मिळत. त्याला चुकारा म्हणत. वर्षाचे पैसे एकदम हातात येत आणि पुढच्या महिन्यात ते कुठं गेले ते कळत नसे. पाथरीच्या एका बाईनं लिहिलं होतं: मालक चुकारा आणून माझ्याकडं देतात आणि मग रोज थोडे थोडे मागून नेतात, तर मी तो कसा ठेवावा? परीक्षेच्या आठवड्याचं सदर या पत्रावर लिहायचं ठरलं. शुक्रवारी निघायचं होतं, म्हणून मजकूर गुरुवारीच देणं भाग होतं.

तोपर्यंत परीक्षेचा सराव डोक्यात बसला होता. सरावात सगळं टक्क्यांत असे. त्या आठवड्यात सदरही टक्क्यांत लिहिलं गेलं, अंकांत. बुधवारी संध्याकाळी वाचून दाखवलं. वहिनींचा हात पहिल्याच वाक्याला थांबला.

"पंचवीस टक्के म्हंजे पाव का?"

"पाव."

"मंग पाव म्हणा की. बियाण्या-खताला पाव. पन्नास म्हंजे निम्मं, ते पोस्टात. राहिल्यालं?"

"बारा पूर्णांक पाच शाळेला, बारा पूर्णांक पाच दवाखान्याला."

"उरल्यालं अर्धं अर्धं. उगं पूर्णांक कशाला?" त्यांनी पिठाचा हात पुसला. "आन् ह्ये काय, घरात तीन महिन्यांचा खर्च रोख ठेवावा?"

"अडचणीला लागतो. पुस्तकांत तसंच सांगतात. हा या वाटण्यांच्या बाहेरचा, आधी बाजूला काढायचा."

त्यांनी पुढची भाकरी घेतली. मी म्हणाले, मुद्रितात अंकांचे शब्द करते. गुरुवारी मजकूर जुळवून झाला तेव्हा मी दुसरी तीन मुद्रितं तपासत होते आणि तो बदल राहून गेला. शनिवारी पान बांधताना मी नेहमी शेवटचं वाचून देत असे. या शनिवारी मी हैदराबादला असणार होते. फोरमनला बदल करायला सांगून ठेवलं. त्यांनी मान हलवली.

पुढं काय झालं ते नंतर छापखान्यात कळलं. शनिवारी मोंढ्यात आवक मोठी झाली आणि भावांची यादी लांबली. अंक संपले. जुळाऱ्यानं सदराच्या जुळवलेल्या मजकुरातून अंक काढून घेतले आणि त्या जागी जागा धरायला दुसरे खिळे उलटे घातले. छापखान्यात ही नेहमीची रीत. पान मशीनवर जाण्याआधी उलटे खिळे काढून खरं अक्षर घालायचं असतं. उलट्या खिळ्याचा तळ छापला की कागदावर बरोबरच्या चिन्हासारख्या दोन जाड काळ्या रेघा उमटतात. तेवढ्यात वीज गेली. ती आली तेव्हा टपालाच्या गाडीची वेळ झाली होती. पान तसंच गेलं.

हैदराबादला परीक्षा एका कॉलेजात होती. बाकं उंच होती. माझ्या शेजारच्या मुलीकडं तीन पेन्सिली होत्या. तिनं एक मला न मागता दिली. गणित वेळेआधी झालं. इंग्रजीत शेवटचा उतारा राहिला. बाहेर दादा झाडाखाली उभे होते. त्यांनी विचारलं, "देवमासे आले का?" मी म्हणाले, नाही, बँका आल्या. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही निघालो.

सोमवारी सकाळी गाडी पिंगळीला क्रॉसिंगसाठी थांबली. परभणी पुढचं स्टेशन. एक शिक्षक चढले आणि आमच्या समोर बसले. त्यांच्याकडं रविवारचा अंक होता. ते चौथं पान वाचत होते आणि शेजाऱ्याला दाखवत होते.

"बगा, चुकाऱ्यातले किती टक्के पोस्टात ठेवायचे? चार रेघा टक्के. घरात किती महिन्यांचा खर्च? दोन रेघा."

शेजारी म्हणाला, "गुरुजी, ही गुप्त बचत हाय. बायकोला कळू नये म्हणून."

दोघं हसले. मी अंक मागून घेतला. दादांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि ते खिडकीबाहेर बघू लागले. क्रॉसिंगची गाडी बऱ्याच वेळानं आली.

घरी वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी पिशवी ठेवायच्या आत म्हणाल्या, "पेपर कसा गेला?"

"कोणता?"

"आधी तुमचा सांगा."

सांगितलं. मग त्यांनी दुसऱ्याचं सांगितलं. रविवारी सकाळी शेजारच्या बाई अंक घेऊन आल्या. सदर कोण लिहितं हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "वैनी, तुमच्या नणंदंनं आकड्यांना काळे गॉगल घातले का?" वहिनींनी अंक पाहिला आणि रेघांच्या जागी काय ते सांगितलं. त्या बाई दुसऱ्या दोघींना घेऊन आल्या. दुपारी स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीतल्या बायका आल्या. आमच्या अंगणात त्या एरवी येत नसत. एक जण ओट्याच्या कडेला उभी राहिली. वहिनींनी पाणी विचारलं. तिनं क्षणभर थांबून घेतलं. तिच्या घरी आदल्याच दिवशी चुकारा आला होता.

"तुमाला सगळं पाठ होतं?" मी विचारलं. घाईत मी त्यांच्यासारखं बोलले.

"पाठ कशाला करावं लागतं? पाव बी-खताला, निम्मं पोस्टात, उरल्याल्यातलं अर्धं शाळेला, अर्धं दवाखान्याला. यायल्या, इचारायल्या, मी सांगायले. भाकरी राहिल्या, दुपारी मुरमुरे खाल्ले आमी."

"आणि घरात किती ठेवायचं सांगितलंत?"

"एका बाजारापुरतं."

म्हणजे एका आठवड्याचं. मी म्हणाले, "मी तीन महिने लिहिलं होतं."

"आस्सं? मग इसरले मी." त्यांनी चादरीचं दुसरं टोक माझ्याकडं दिलं. दोघींनी ती पिळली.

बाकीचे सगळे आकडे बरोबर होते.

दुपारी कचेरीत गेले. टेबलावर सहा पत्रं होती आणि संपादकांसमोर शब्दकोड्याचा एक तयार नमुना पडलेला होता. कोपऱ्यात फोरमन उभे होते.

"सदर चुकलं," संपादक म्हणाले.

"वीज गेली होती," फोरमन म्हणाले. "आन् बाईंनी शब्द करा म्हणून सांगितलं होतं. माझ्याकडून राहिलं."

संपादकांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "सकाळपासून चार जण येऊन गेले. शिव्या द्यायला आले असतील म्हणून मी आत बसलो. ते आकडे विचारत नव्हते. आकडे त्यांना मिळालेत. बरोबर आहेत का, एवढंच विचारत होते. कुणी दिले?"

"वहिनींनी."

"त्यांना कुठून माहीत?"

"त्यांना आधी वाचून दाखवते."

त्यांनी शब्दकोडं खणात टाकलं. "उद्याच्या अंकात खुलासा द्या. फक्त बरोबर आकडे. वीज, खिळे, काही नको."

मी तिथंच बसून लिहिलं, अक्षरात. पाव. निम्मं. उरलेल्यातलं अर्धं अर्धं. शेवटच्या ओळीशी थांबले. मग लिहिलं: घरात रोख रक्कम एका आठवडी बाजारापुरती ठेवावी.

संपादकांनी मूळ मजकूर मागवून शेजारी ठेवला. त्यांची ती सवय होती. "मुळात तीन महिने आहे."

"हो. बदललंय."

"कुणाला विचारून?"

"ज्यांनी रविवारी सांगितलं त्यांना."

"पुस्तकात काय आहे?"

"तीन महिने."

त्यांनी दोन्ही कागद पुन्हा वाचले. मग विचारलं, "कारण आहे?"

"आहे."

त्यांनी कारण विचारलं नाही. ते मूळचे परभणीचेच होते आणि अठ्ठ्याहत्तर साली याच दैनिकात बातमीदार होते. त्यांनी कागदावर सही केली आणि फोरमनकडं दिला. खुलासा मंगळवारी पहिल्या पानावर तळाला आला.

संध्याकाळी मी तो वहिनींना वाचून दाखवला. त्यांचा हात शेवटच्या ओळीला थांबला. मी वर पाहिलं. त्या म्हणाल्या, "काई न्हाई. वाचा पुढं." पुढं काही नव्हतं. त्यांनी पहिली भाकरी काढून, तूप लावून माझ्या ताटात घातली. मुलगी म्हणाली, पहिली माझी असते. वहिनी म्हणाल्या, "आज आत्याची."

मला ज्या संस्थेत जायची इच्छा होती तिचं पत्र आलं नाही. कलकत्त्याचंही आलं नाही. मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेचं मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी विचारलं की मी आतापर्यंत काय काम केलंय. मी सदराबद्दल सांगितलं. ते म्हणाले, आकडे अक्षरात का लिहिता? मी मोंढ्याच्या भावांचं कारण सांगितलं. मे महिन्यात प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. दादांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात घालून ऑफिसला नेलं. येताना त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. म्हणाले, "आता ह्ये खरंच दुरुस्तीला टाकलं. तुला न्यायचंय."

सदराचं काय, हे संपादकांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात विचारलं. मी म्हणाले, पुण्याहून लिहून पाठवीन. ते म्हणाले, "टपालाला चार दिवस लागतात. आणि तिथं तुम्ही वाचून कुणाला दाखवणार?"

ते रविवारी आमच्या घरी आले. यापूर्वी कधी आले नव्हते. वहिनींनी चहा केला. बोलणं थोडंच झालं.

"मला चक्रवाढ-बिक्रवाढ येत न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच," संपादक म्हणाले.

"आन् लिहायला लागलं तर चुका होत्याल."

"चुका बघायला आता नवा माणूस ठेवलाय आम्ही. तुमच्या नणंदेच्या कुणी बघत नव्हतं."

"माझ्या मीच बघत होते," मी म्हणाले.

"म्हणून तर रेघा आल्या," संपादक म्हणाले आणि कप खाली ठेवला.

मी जूनच्या अखेरीस पुण्याला गेले. जुलैच्या पहिल्या रविवारचा अंक गुरुवारी टपालानं मिळाला. सदर डाव्या कोपऱ्यात होतं. विषय होता, पोस्टाचं पुस्तक हरवलं किंवा जळालं तर दुसरं कसं मिळवायचं. अर्ज कुणाच्या नावे करायचा, साक्षीदार किती लागतात, पोस्टमास्तर उद्या या म्हणाले तर काय म्हणायचं, असं सगळं क्रमानं दिलं होतं. कुठल्या गावाचा उल्लेख नव्हता.

वहिनींनी ते सदर पुढं साडेचार वर्षं लिहिलं. दादांची बदली जिंतूरला झाली त्या वर्षी मजकूर एसटीनं येत असे. १९९४च्या जानेवारीत विद्यापीठाचं नामांतर झालं. ती बातमी पहिल्या पानावर आठ कॉलमांत होती. त्या रविवारच्या अंकात चौथ्या पानावर मोंढ्याचे भाव होते आणि डाव्या कोपऱ्यात सदर होतं. खाली नाव नव्हतं. सगळे आकडे अक्षरांत होते.